परका खडा

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी होणाऱ्या नवऱ्याचा, ऋतुराजचा, फोन आला आणि अपेक्षाच्या हातातला घास हातातच राहिला. तो एवढंच म्हणाला, की अंगठी घे आणि पाचच्या आत दवाखान्यात ये. दादा ऑपरेशनच्या कागदावर सही करायला तयार नाही. आज पोट उघडलं नाही तर आतडं सडेल असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय, आणि हा शहाणा म्हणतो, आधी तो खडा माझ्या उशाशी आणा, मगच मी आत जातो.

अपेक्षा बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार? सांगायला तिनं तोंड उघडलं होतं, नाही असं नाही. पण ऋतुराजला रक्ताच्या पिशव्या आणायला धावायचं होतं. तू फक्त ये, म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

अंगठी होती. कपाटात, रुमालाच्या घडीत नीट ठेवलेली होती. फक्त तिच्यात हिरा नव्हता.

आता हे हिऱ्याचं प्रकरण काय होतं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ऋतुराजच्या घरची मंडळी लासूर स्टेशनची. आडत दुकान, पाठीमागं थोडी शेती, आणि दोन भाऊ. थोरला इंद्रजीत, धाकटा ऋतुराज. हिरा सगळ्यांनाच लाभत नाही, ही त्या घराची पक्की समजूत. त्यांचीच कशाला, असं मानणारी घरं गल्लोगल्ली सापडतील. म्हणून ही माणसं हिरा काही भाजीसारखा बोट दाखवून घेत नाहीत. सराफ खडा कागदाच्या पुडीत बांधून देतो आणि ती पुडी सात रात्री उशाशी ठेवायची. सात रात्रींत कुणी पडलं-झडलं नाही, वाईट स्वप्न पडलं नाही, तर खडा लाभला. काही झालंच, तर पुडी परत. सराफही कुरकुर न करता घेतो, कारण तोही त्याच गावचा.

साखरपुड्याआधी आवडाबाईंनी, म्हणजे ऋतुराजच्या आईनं, असाच एक खडा बघायला आणला. तेव्हा इंद्रजीत आतडं फुटून दवाखान्यात पडला होता. ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले तरी ताप उतरत नव्हता. अशा वेळी खरेदीला कोण जातं? पण साखरपुड्याची तारीख धरलेली होती, आणि धरलेली तारीख मोडणं आवडाबाईंना अपशकुनाचं वाटायचं. त्या दवाखान्यातून उठल्या, सराफ्यात गेल्या, खडा घेऊन परत आल्या. स्वतःची उशी घरी राहिलेली. पुडी पोराच्याच उशीखाली सारली. तिसऱ्या रात्री ताप उतरला.

डॉक्टर म्हणाले, आम्ही इंजेक्शन बदललं होतं. म्हणेनात का. इंद्रजीतच्या डोक्यात मात्र पक्कं बसलं, की आपल्याला परत आणलं ते त्या खड्यानं. आणि त्यानंच हट्ट धरला, की लाभलेला खडा नव्या सुनेच्या बोटात राहू द्या, म्हणजे घरात राहील. आवडाबाईंनी स्वतःच्या पाटलीचं सोनं आटवून अंगठी करवून घेतली. साखरपुड्याला अपेक्षाच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या होत्या, काहीपण झालं तरी बोटातून काढू नको, पोरी.

आणि पोरीनं ऐकलं. तिथंच घोटाळा झाला.

अपेक्षा चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीत तपासणीच्या कामाला होती. आतल्या भागात बोटात, हातात, गळ्यात काही घालायचं नाही, असा कडक नियम. पण काढायची नाही म्हटल्यावर काढायची कशी? ती अंगठीवरूनच रबरी हातमोजे चढवायची. दोन महिने निभावलं. गेल्या मंगळवारी दुपारी हातमोजा ओढून काढताना बोटाशी काहीतरी अडल्यासारखं झालं, आणि मग हात धुताना बघते तर अंगठीच्या मधोमध भोक. वापरलेले हातमोजे पिवळ्या पिशवीत जातात आणि पिशव्या जाळायला जातात. अपेक्षानं तीन पिशव्या जमिनीवर पालथ्या केल्या. गुडघ्यावर बसून एकेक बोट उलटं करून बघितलं. चौथी पिशवी गेलेली होती.

बुधवारी ऋतुराजचा निरोप आला, की दादाला उलट्या सुरू झाल्यात आणि पोट फुगलंय.

अपेक्षा रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली पोरगी. हिरा म्हणजे कार्बन, हे तिनं तीन परीक्षांत लिहून मार्क घेतले होते. जुन्या टाक्यांच्या जागी आतडं चिकटतं, त्याला खडा काय करणार, हेही तिला कळत होतं. कळून काय उपयोग? मंगळवारी खडा पडला आणि बुधवारी माणूस पडला, एवढं एकच तिच्या डोक्यात घणघणत होतं. गुरुवारी इंद्रजीतला शहरात आणून जालना रोडवरच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा ती बोटाला पट्टी बांधून भेटायला गेली. तवा लागला, म्हणाली. आवडाबाईंनी त्या गडबडीतही तिच्या बोटावर फुंकर घातली. तेव्हा अपेक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तर आता एक वाजून गेलेला. अपेक्षानं रुमाल पर्समध्ये टाकला, सिडकोतून स्कूटी काढली आणि थेट सराफा गाठला. गुलमंडीच्या अलीकडेच गाडी लावावी लागली, पुढं माणसाला चालायला जागा नव्हती. लग्नसराईची गर्दी. बायका खुशाल साड्या खांद्यावर टाकून आरशात बघत होत्या. अपेक्षाला त्या सगळ्यांचा राग आला.

दुकान तिनं तेच धरलं, जिथून आवडाबाईंनी खडा नेला होता. मालक तात्यासाहेब, सत्तरी ओलांडलेले, आवाज एकदम हळू. त्यांना तिनं सगळं सांगितलं. घरी आईला सांगितलं नव्हतं, ज्याच्याशी लग्न करायचं त्याला सांगितलं नव्हतं, आणि या परक्या म्हाताऱ्याला घडाघडा सांगून मोकळी झाली. म्हणाली, तस्साच द्या. कुणाला फरक कळता कामा नये.

तात्यासाहेबांनी भिंग लावून अंगठीतलं खड्याचं रिकामं घर बघितलं, आणि विचारलं, कसा होता?

आणि काय सांगावं, अपेक्षाला आठवेना.

दोन महिने तिनं अंगठी मिरवली. ऑफिसात, शेजारी, मामाच्या घरी, सगळ्यांना हात पुढं करून दाखवली. पण खडा म्हणून, खडा काही तिनं बघितलाच नव्हता. पांढरा होता का जरा पिवळट? मोठ्या पैलूंचा का बारीक? तिनं मोबाईलमधले साखरपुड्याचे फोटो काढले, दोन बोटांनी ताणून मोठे केले. सगळ्या फोटोंत खड्याच्या जागी नुसता उजेड होता. तिनं तात्यासाहेबांना विचारलं, तुम्हाला तर माहीत असेल? ते म्हणाले, माझ्या हातातून शेकड्यानं जातात, बाई. तुमच्या सासूबाई आठवतात मला. खडा आठवत नाही.

त्यांनी काळ्या मखमलीवर तीन पुड्या सोडल्या. तिन्ही खडे त्या घरात बसणारे, मापानं सारखे. पहिला इतका पांढरा, की बघूनच अपेक्षा नाही म्हणाली. असा असता तर लक्षात राहिला असता. दुसऱ्याच्या पोटात भिंगाखाली काळा ठिपका दिसला. तिसरा मंद होता, कडेला किंचित पिवळा. तिनं चिमट्यानं एकेक उचलून बोटावर धरून बघितला, दारात उन्हात जाऊन बघितला, आत येऊन ट्यूबखाली बघितला. परत पहिल्यापासून बघितला. भिंतीवरचं घड्याळ अडीच दाखवत होतं. घाईघाईत दुसरा खडा चिमट्यातून निसटला आणि तात्यासाहेबांनी तळहाताखाली झाकला.

"शांत व्हा जरा. कुणाच्या उशाशी जायचाय हा?"

तिनं सांगितलं, दिराच्या. आजच. ऑपरेशन आहे.

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. इतका वेळ गिऱ्हाईक होती ती, आता ते तिच्याकडं माणसाकडं बघावं तसं बघू लागले.

"विकत देतो. पावती देतो. पण सात रात्री न बघितलेला खडा आजारी माणसाच्या उशाशी ठेवायला मी दिला नाही, एवढं ध्यानात ठेवा."

मनात आलं, की हिरे विकायचे आणि वर हे असलं ऐकवायचं, ही कुठली रीत. पण घड्याळ पुढं सरकत होतं. तिनं गळ्यातली साखळी काढून मोडीत टाकली आणि तिसऱ्या खड्यावर बोट ठेवलं. का तिसरा? तो बघून छातीत त्यातल्या त्यात कमी धडधडलं, म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं. माडीवर बसणाऱ्या रामकिसन कारागिरानं तो घरात बसवून, त्याला धरणारे काटे दाबून खाली पाठवला तेव्हा पावणेचार झाले होते. अंगठी अगदी पहिल्यासारखी दिसत होती. निदान तिला तरी तसं वाटलं.

क्रांती चौकात सिग्नलला अडकली तेव्हा ती स्वतःशीच मोठ्यानं बोलत होती. देऊन टाकायची, बोलायचं काही नाही. सही होईल, ऑपरेशन होईल, माणूस वाचेल, प्रश्न मिटला. शेजारचा रिक्षावाला तिच्याकडं टकामका बघत होता. आणि नाही वाचला तर? मग जन्मभर कुणाला कळणार नाही, की त्याच्या डोक्याखाली मी काय ठेवलं होतं. फक्त मला कळेल. एवढं एक वाक्य मनात आलं आणि तिला रस्त्यातच रडू फुटलं.

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच आवडाबाई उभ्या होत्या. तीन दिवस अंगावरचं लुगडं बदललेलं नव्हतं. अपेक्षाला बघून त्यांनी नुसता तळहात पुढं केला. अंगठी हातात पडल्यावर ती पदरानं पुसली, कपाळाला लावली, आणि इतका मोठा श्वास सोडला, की जणू सकाळपासून तो धरूनच ठेवला होता. म्हणाल्या, तुझ्या हातात राहिला म्हणून आज कामाला आला गं. आणि वळून वॉर्डाकडं चालायला लागल्या.

चार पावलं गेल्या असतील.

"आत्याबाई, थांबा. हा तो खडा नाही."

आवडाबाई थांबल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अपेक्षानं धापा टाकत सांगितलं, की तो पडला, हरवला, सापडला नाही, हा आत्ता सराफ्यातून आणलाय.

"उशाशी ठिवून बघितलाय का कुणी?"

अपेक्षानं नाही म्हणून मान हलवली.

आवडाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी अंगठी विंचू धरावा तशी दोन बोटांत लांब धरली.

"अगं, रिकामी आणायची ना! सोनं तर माझ्याच पाटलीचं हाय. मी काय म्हणले असते तुला? हरवलं म्हणून सांगितलं असतंस, तर मी रिकामी ठिवली असती. तू परका खडा घेऊन आलीस माझ्या लेकराच्या डोक्याशी."

हे मात्र अपेक्षाच्या डोक्यात चार दिवसांत एकदाही आलं नव्हतं. रिकामी अंगठी चालली असती. नुसतं खरं सांगितलं असतं तर चाललं असतं. गळ्यातली साखळी मोडून, ऊर फुटेस्तोवर धावून, तिनं होतं तेवढंही घालवून ठेवलं होतं.

"काढा मग," ती म्हणाली. "आत्ता काढू."

आवडाबाईंच्या बांगडीत दोन-तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. एक काढून दोघी खिडकीच्या कट्ट्यावर वाकल्या. रामकिसन कारागीर कामाचा चोख. काटे इतके घट्ट दाबलेले, की पिनचं टोक वाकलं. दुसरी घेतली, तीही वाकली. आवडाबाईंनी दोन्ही हातांनी अंगठी कट्ट्यावर दाबून धरली आणि अपेक्षानं स्कूटीच्या किल्लीचं टोक काट्याखाली घुसवलं. किल्ली निसटून आवडाबाईंच्या अंगठ्याला लागली, रक्त आलं. त्या हलल्या नाहीत, कर म्हणाल्या. पावणेपाच वाजले होते. एक काटा उचकटला, मग दुसरा, आणि खडा टक्कन उडून बाकड्यांच्या खाली कुठंतरी गेला. बाकड्यावर बसलेला एक माणूस वाकून बघायला लागला आणि म्हणाला, काय पडलं हो मावशी? आवडाबाई काही नाही म्हणाल्या. खाली वाकून बघावं असं दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही.

इंद्रजीत भिंतीकडच्या खाटेवर होता. नाकात नळी, पोट टम्म फुगलेलं, आणि एवढा धिप्पाड माणूस डोळ्यांवरून अगदी लहान मुलासारखा दिसत होता. त्याची बायको मोनिका कागद लावलेली पाटी आणि पेन घेऊन उशाशी उभी होती, केव्हाची कोण जाणे. ऋतुराज पायथ्याशी. आवडाबाईंनी अंगठी इंद्रजीतच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती डोळ्यांजवळ नेली.

"खडा कुठंय?"

"गेला," आवडाबाई म्हणाल्या. "तुझ्यावरचं घेऊन गेला, बाबा. जिवावरचं होतं, ते त्याच्यावर निभावलं."

ऋतुराजनं चमकून अपेक्षाकडं बघितलं. इंद्रजीतनं आईकडं बघितलं नाही. त्यानंही अपेक्षाकडंच बघितलं, आणि एकेक शब्द जड जात असल्यासारखं विचारलं, "कधी गेला?"

किती साधा प्रश्न. मंगळवारी, एवढंच उत्तर. आणि मंगळवारी म्हटलं, की हा माणूस भिंतीकडं तोंड करणार. खडा गेला आणि मागोमाग आपण पडलो, हा हिशोब त्याला कुणी शिकवायला नको होता. जिन्याशी खरं बोलून अपेक्षाला जरा कुठं श्वास घेता आला होता. आता त्याच तोंडानं तिनं सांगितलं.

"आज सकाळी. हात धुताना."

इंद्रजीत बराच वेळ अंगठीकडं बघत राहिला.

"सकाळीच कळ जरा कमी झालती," तो मोनिकाला म्हणाला. "व्हय का नाय?"

मोनिका होय म्हणाली. खरं तर सकाळी तो कळेनं गुरासारखा ओरडला होता, सगळ्या वॉर्डानं ऐकलं होतं. पण मोनिका होय म्हणाली. त्यानं पेन मागितलं, सही केली आणि अंगठी उशीखाली सारली.

पाच वाजता त्याला नेलं. जाताना नर्सबाईंनी उशीखालून अंगठी काढून अपेक्षाच्या हातावर ठेवली, आत काही चालत नाही म्हणाल्या. ऋतुराज आणि मोनिका स्ट्रेचरमागं दारापर्यंत गेले. आवडाबाई गेल्या नाहीत. त्या भिंतीकडेच्या बाकड्यावर बसल्या, आणि अपेक्षाही मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसली.

"आता खरं सांग. कधी पडला?"

"मंगळवारी."

"मंगळवारी कधी?"

"दुपारी. जेवणाच्या सुट्टीच्या आधी."

आवडाबाईंनी डोळे मिटले. मंगळवारी रातच्याला त्यानं भरलं ताट सारलं होतं, त्या म्हणाल्या. मला वाटलं, बायकोशी भांडला असंल. मग त्या अंगठ्याच्या जखमेवर पदर दाबून बसल्या. त्यांनी शिव्या घातल्या तरी चालतील, असं अपेक्षाला वाटत होतं.

"दोष तुझा नाय," शेवटी त्या म्हणाल्या. "मला कळतंय ते. मी अडाणी हाय, पण येवढी नाय. पण सांगून ठिवते. तो बाहेर आला, तर तू माझी सून. लग्न ठरल्या दिवशीच. आन् नाय आला, तर मला तुझं तोंड बघवणार नाय, पोरी. ऋतुराज किती का रडंना. बघवणारच नाय मला. ते मागून सांगण्यापरीस आत्ताच सांगितलेलं बरं."

अपेक्षा हो म्हणाली. रागही आला नाही तिला, वाईट वाटायलाही जागा उरली नव्हती. त्यांच्या जागी आपण असतो तर आपलंही तेच झालं असतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. अंगठी तिच्या मुठीत होती. ती आवडाबाईंना परत करायची, का पर्समध्ये ठेवायची, तिला कळेना.

आवडाबाईंनी तिची मूठ उघडली. उचकटलेले काटे नखानं दाबून जरा बसवले आणि अंगठी तिच्या बोटात सरकवली.

"तो बाहेर येस्तोवर तरी घाल," त्या म्हणाल्या.

काटे शेजारच्या बोटाला टोचत होते. अपेक्षानं हात मांडीवर ठेवला आणि तो हलणार नाही याची काळजी घेत बसून राहिली. सव्वापाच झाले होते. ऑपरेशनला तीन तास तरी लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.